घर सोडलेल्यांचं घर

पाडायची खोली झाडून काय उपयोग, असं मी सासूबाईंना म्हटलं होतं. गिरगावातल्या चाळीतली आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करून द्यायची होती. खाली टेम्पो उभा, आणि या कोपऱ्याकोपऱ्यांतून केरसुणी फिरवतायत. "पाडेनात का. देताना घर झाडून द्यावं," एवढंच म्हणाल्या. पाण्याचा माठही त्यांनी टेम्पोत चढवू दिला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मी कान्हेरीला गेले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, काळ्या कातळात शंभरावर लेणी आहेत. बहुतेक जण तिसऱ्या लेण्यातला चैत्य आणि उंच बुद्धमूर्ती पाहून परततात. मी कोरीव पायऱ्यांनी वर चढले आणि एका साध्या लेण्यात जाऊन बसले. पुढे ओसरी, आत एक खोली, भिंतीलगत निजायला दगडी ओटा. दारापाशी चौकट बसवायच्या खोबणी. अंगणाच्या कडेला पाण्याचं टाकं. कातळात खोदलेल्या पन्हळीतून पावसाचं पाणी त्यात उतरत होतं. इथले शिलालेख अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात.

घर सोडून निघालेल्या बौद्ध भिक्षूंनी इतकं पक्कं घर का करावं? पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. पण इथली वस्ती पुढे कायमची झाली आणि दहाव्या शतकापर्यंत टिकली. मग सोडलं ते काय?

मला उत्तर दानलेखांत सापडलं. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लेणी दिली, पोढ्या दिल्या. हे सगळं 'चातुदिस', म्हणजे चारी दिशांच्या भिक्षुसंघाला. आज ओट्यावर निजलेल्या भिक्षूचा या जागेवर जेवढा हक्क, तेवढाच अजून वाटेत असलेल्याचा. आणि म्हणूनच विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, राहत्या जागेचे इतके नियम आहेत: निघताना अंथरूण आवरून ठेवावं, जागा कुणाच्या तरी हवाली करावी. हे न करता निघून जाणं हा दोष.

त्याग म्हणजे घराकडे पाठ फिरवणं, असं मी आजवर धरून चालले होते. पण या माणसांनी जागेवरचा हक्क सोडला, तिची काळजी सोडली नाही. उलट, जागा आपली नाही म्हणून ती जास्त जपली. संसारात राहूनही हे जमावं, असं मला फार वाटतं. खोलीचा ताबा देताना मी मात्र फक्त माझं काय गेलं तेच मोजत होते.

घरी येऊन सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, "आणि पाण्याचं काय? येणाऱ्याला प्यायला नको?"

प्यायचं पाणी नसेल तर ते भरून ठेवावं, हाही नियम विनयात आहे, असं मी म्हटलं. तेव्हा त्या माठाचं कळलं. तो त्यांनी घासून, भरून, वर झाकणी ठेवून मोरीशेजारी ठेवला होता, खोली पाडायला येणाऱ्या मजुरांसाठी.