गुंडाळता येईल तेवढीच गादी

प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ, स्वयंपाकाची जागा धरून, 25 चौरस मीटर आहे. म्हणजे साधारण 270 चौरस फूट. त्यात सहा बाय सव्वासहा फुटांचा डबलबेड मांडला की घराचा सातवा हिस्सा दिवसभर रिकाम्या पलंगाने अडवलेला राहतो. वाशीम जिल्ह्यातल्या अशा घरात पलंग घ्यावा, सोफा-कम-बेड घ्यावा, की जपानी फुटॉनसारखी सकाळी उचलून ठेवता येणारी कापसाची गादी भरून घ्यावी, हे बहुधा किंमत ठरवते. मला तो अपरिग्रहाचा, म्हणजे गरजेपुरतेच बाळगण्याचा, प्रश्न वाटतो, आणि तो विचारायला हाच मुलूख योग्य आहे. याच जिल्ह्यातल्या कारंज्यात बलात्कार गण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तीन भट्टारक परंपरांच्या, म्हणजे दिगंबर जैन मठाधिपतींच्या, गाद्या होत्या. (अंथरूण आणि अधिकार या दोहोंना मराठीने एकच शब्द दिला, तो उगाच नसावा.) दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांत भूमिशयन आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे बौद्ध उपासक उंच, ऐसपैस शय्या टाळतात. जैनांच्या अखेरच्या व्रताला तर नावच अंथरुणाचे आहे : संथारा, म्हणजे पसरलेले गवत.

हे नियम संसारी माणसासाठी नाहीत, हे उघड आहे. श्रावकाला, म्हणजे गृहस्थ जैनाला, सांगितलेले व्रत परिग्रह-परिमाणाचे आहे : सगळे सोडायचे नाही, पण जमीन, घर, धन, धान्य यांची मर्यादा आपणच ठरवायची. माझे म्हणणे एवढेच की ही मोजणी नगांची होते तशी तासांचीही व्हावी. पलंग आठ तास वापरात असतो आणि चोवीस तास जागा धरतो. गुंडाळलेली गादी कोपऱ्यात गेली की त्याच जमिनीवर पोरगी अभ्यासाला बसते, तूर निवडली जाते, पाहुण्यांचे ताट मांडले जाते. मालकी तीच, पण तिने धरलेली जागा रोज परत मिळते. कापूस तर स्वस्थ बसूच देत नाही : घाम धरतो, दबतो, गोळे होतात, म्हणून गादी उन्हात टाकावी लागते आणि काही वर्षांनी पिंजाऱ्याकडून पिंजून पुन्हा भरावी लागते. फोमला असली कटकट नाही; म्हणूनच तो एकदा पलंगावर पडला की तिथून हलत नाही.

यावर जाणकार म्हणतील की उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा, म्हणजे आसक्ती, अशी केली आहे; मग गादी गुंडाळा की पसरा, मनात काय आहे तेच खरे. हा आक्षेप खोडायला मी याच जिल्ह्यातल्या शिरपूरच्या जैन मंदिराकडे बोट दाखवू शकत नाही, उलट ते उदाहरण माझ्याच अंगावर येते. तिथली अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला टेकत नाही अशी श्रद्धा आहे. जमीनसुद्धा न व्यापणारा देव. 1905 मध्ये दिगंबर आणि श्वेतांबर पंथीयांनी तिथे पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, म्हणजे एकच जागा तासांवर. तरी वाद मिटला नाही आणि 1981 पासून 2023 पर्यंत मंदिर बंद राहिले. तेव्हा जागा वेळेवर सोडण्याच्या करारातून आसक्ती आपोआप जात नाही, हे कबूल. पण आसक्ती मनात असते म्हणून तिला घरात जागा करून द्यावी, असेही त्यातून निघत नाही. रोज आवरण्याची सवय ही मुक्ती नव्हे; मूर्च्छा कुठे बसली आहे ते तिच्यामुळे दिसते, एवढाच तिचा उपयोग.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो : गुंडाळणार कोण? घरातल्या चौघांची अंथरुणे एकटी सून उचलत असेल, तर बाकीच्यांचा अपरिग्रह तिच्या पाठीवर चाललेला आहे, आणि त्यापेक्षा पलंग बरा. म्हणून दुकानात आधी वजन पाहावे. दोघांची सहा फुटी गादी एकट्याला उचलवत नाही. तीन-तीन फुटांच्या दोन घ्याव्यात, तीन-चार इंच जाडीच्या, म्हणजे ज्याची त्याला उचलता येते. ज्यांच्या गुडघ्यांना जमिनीवरून उठणे जमत नाही त्यांची बाज मात्र चोवीस तास मांडलेलीच असू द्यावी, तिचे तास मोजू नयेत.