कोणाच्या वतीने?



गेल्या शनिवार-रविवारी मी धर्मग्रामात नव्हतो. रविवारच्या दोन्ही मिस्सा पाहुण्या फादरांनी अर्पण केल्या, आणि त्यांचे प्रवचन माझ्यापेक्षा आखूड होते हे मला आल्याआल्या तिघांनी सांगितले. "फादर, पिकनिकला गेला होता काय?" असेही कोणी विचारले. एका परीने पिकनिकच होती. पण तिथून एक प्रश्न माझ्याबरोबर आला आहे आणि तो आठवडाभर सुटलेला नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना विचारूनच लिहितो आहे.

माझी बहीण कुवेतहून सुट्टीवर आली होती. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा. त्याने आपल्या आजोबांना पाहिलेले नाही. बाबा २००३ साली गेले. बहिणीच्या मनात होते की आजोबा आम्हाला जिथे जिथे न्यायचे, ते सगळे त्याला एकदा दाखवावे. आईही निघाली. गुडघे दुखतात म्हणून घराबाहेर न पडणारी आई वसईचे नाव काढताच सकाळी सहाला चप्पल घालून तयार होती.

आधी वसईचा किल्ला. लहानपणी बाबा आम्हाला सायकलवर पुढेमागे बसवून तिथे न्यायचे. फ्रान्सिस्कन मठाच्या छप्पर नसलेल्या देवळात जमिनीवर थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरे. त्या अक्षरांवर पाय पडू नये म्हणून आम्ही उड्या मारत चालायचो. भाच्याला मी सनावळी सांगितली : १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, मग आपण कोणाच्या बाजूचे?"

मी हसलो, कारण हाच प्रश्न मी त्याच जागी बाबांना विचारला होता. बाबा म्हणाले होते, "आपण वाडीच्या बाजूचे. कोणीही येवो, केळीला पाणी कोण घालणार?"

अर्नाळ्याला समुद्र पाहिला, भजी खाल्ली. तिथे सांगण्यासारखे दुसरे काही घडले नाही. दुपारनंतर निर्मळच्या बाजूला आमच्या जुन्या वाडीवर गेलो. मी ते टाळता आले तर पाहत होतो. बहिणीने टाळू दिले नाही.

ती वाडी बाबांची आणि मोठ्या काकांची. जमीन वाटलेली, पण विहीर सामाईक; पाळीपाळीने पाणी घ्यायचे. मला आठवतो तो रहाट मोडकाच. तोवर विहिरीवर इंजिन आले होते. केळी, थोडी पानवेल, कडेने मोगरा. मी दहा-अकरा वर्षांचा असताना काकांनी आपल्या पाळीचे पाणी टँकरला विकायला सुरुवात केली. रेल्वेलाइनच्या कडेने इमारती उठत होत्या, त्यांना पाणी नव्हते, आणि वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या कितीतरी विहिरींवर टँकर उभे राहत होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली त्यामागे जी दुखणी होती, त्यांतले हे एक. बाबांनी काकांना विनवले, मग भांडले. काका थांबले नाहीत. दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी मचूळ झाले, मग खारट. केळीची पाने कडेने करपू लागली. बाबा कारखान्यात कामाला लागले आणि भावाशी बोलायचे थांबले ते मरेपर्यंत.

या दौऱ्याहून आल्यावर मी थोडे वाचले. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर येऊ शकते. आणि ते एका विहिरीपुरते नसते, भोवतालच्या सगळ्या उपशाने मिळून होते. आमची विहीर कोणाच्या पंपाने खारट झाली हे आज कोणीही ठरवू शकणार नाही. पण म्हणून काका सुटतात असे मला वाटत नाही. सख्ख्या भावाने हात जोडले आणि त्यांनी ऐकले नाही, एवढी चूक पाणी गोडे राहिले असते तरी चूकच होती.

काका आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. पडवीत खुर्चीवर बसले होते. चुलतभावाने चहा टाकला, भाच्याला ताडगोळे दिले. इकडचे तिकडचे बोलून झाले आणि काकांनी आईकडे न बघता विचारले, "तो जाताना माझ्याबद्दल काही बोलला का?"

माझ्या ओठांवर वाक्य तयार होते. 'हो काका, तुमची आठवण काढली होती.' त्याने कोणाचे काय बिघडले असते? एक म्हातारा माणूस शांतपणे डोळे मिटू शकला असता. चांगल्या हेतूने बोललेले खोटे चालेल का, यावर संत ऑगस्टीनने दोन पुस्तके लिहिली आहेत आणि दोन्हींत त्याचे उत्तर 'नाही' असे आहे. सेमिनरीत मला ते उत्तर फार कडक वाटायचे. त्या पडवीत मी ऑगस्टीनला बाजूला सारणारच होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "नाही भाऊजी. काही बोलले नाहीत. मी खोटं नाही सांगणार."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग काका माझ्याकडे वळले. "मग आता तू दे माफी. तू फादर आहेस, आणि त्याचा मुलगा पण आहेस."

मी म्हटले, "काका, कबुलीजबाब..." त्यांनी हात हलवला. तो त्यांनी कधीच केला होता, तेव्हाच्या फादरांकडे. (स्वतःच्या कबुलीजबाबाविषयी बोलायची मुभा ज्याची त्याला असते, ओठ शिवलेले असतात ते आम्हा धर्मगुरूंचे.) "ते देवाचं झालं," काका म्हणाले. "त्याचं राहिलंय."

बंधुभगिनींनो, माझा प्रश्न हा आहे. बाबांची माफी मी देऊ शकतो का?

सायमन विझेंथाल यांच्या 'सूर्यफूल' या पुस्तकातला प्रसंग तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. ते नाझींच्या छळछावणीत कैदी असताना एका मरणासन्न जर्मन सैनिकाजवळ त्यांना नेण्यात आले. त्याने ज्यूंच्या हत्येत भाग घेतला होता आणि त्याला एका ज्यूकडून क्षमा हवी होती. विझेंथाल काही न बोलता खोलीतून बाहेर पडले. ज्यांना मारले त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा त्यांच्या मनातला प्रश्न होता. आमच्या विहिरीचे भांडण कुठे आणि ते कुठे! तुलना करायलाही लाज वाटते. पण प्रश्नाची जात तीच आहे.

आपले नीतिशास्त्र इथे एक उपयोगी फरक करते. ज्याचे नुकसान केले तो वारला असेल तर भरपाई त्याच्या वारसांना द्यावी लागते. म्हणजे ते देणे वारसांकडे येते, आणि वारसांना ते सोडूनही देता येते. करपलेल्या केळीचे, बुडालेल्या उत्पन्नाचे जे काही असेल ते आई, बहीण आणि मी मिळून सोडू शकतो, आणि ते आम्ही तिथेच सोडले. पण हात जोडूनही भावाने ऐकले नाही, हे दुःख बाबांचे. ते सातबाऱ्यावर चढत नाही. ते सोडायचे कोणी?

प्रभू येशूसुद्धा क्रूसावर, निदान लूकच्या शुभवर्तमानात, 'मी तुम्हाला क्षमा करतो' असे म्हणत नाही. तो पित्याकडे त्यांच्यासाठी क्षमा मागतो. मला वाटते, बाबांच्या बाबतीत माझ्या हाती असलेच तर एवढेच आहे. त्यांच्या वतीने द्यायचे नाही, त्यांच्याकडे मागायचे. संतांच्या सहभागितेवर आपण दर रविवारी श्रद्धा प्रकट करतो, ती खरी असेल तर बाबांना विचारायची वाट बंद झालेली नाही.

इथपर्यंत माझा विचार सरळ चालला होता आणि काकांना मी तसे सांगितलेही. म्हटले, "काका, बाबांचं मला देता येणार नाही." ते मान हलवत राहिले. आणि ते वाक्य बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की त्याची दुसरी बाजू मी कधी पाहिलीच नव्हती. बाबांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार मला नसेल, तर बाबांच्या वतीने तीस वर्षे रागावण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

ऑगस्टीन आपल्या 'कबुली'च्या दहाव्या भागात स्मृतीविषयी लिहिताना एक नवल सांगतो : जुने दुःख माणूस दुःखी न होता आठवू शकतो. माझे उलटे झाले होते. जो राग कधी माझा नव्हताच, तो मी रागावून आठवत होतो. दहा वर्षांच्या मुलाला कुठला आला पाण्याचा राग? मी तो बाबांच्या न बोलण्यातून उचलला आणि त्याला निष्ठा असे नाव दिले. २००० साली, १२ मार्चला, पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गतकाळातील पापांबद्दल देवाची क्षमा मागितली, तेव्हा मी गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. पूर्वजांच्या पापाची क्षमा आजच्यांनी का मागावी, यावर आम्ही रात्री जेवणानंतर वाद घातला होता. त्यासाठी निघालेल्या दस्तऐवजात म्हटले होते की पापाचा दोष ज्याचा त्याचा असतो, तो मरणाबरोबर संपतो, पुढच्या पिढीकडे जात नाही. पुढे येते ते त्या आठवणीचे ओझे. मी त्या वादात तावातावाने बोललो होतो. त्याच वर्षी सुट्टीत घरी आलो तेव्हा काका रस्त्यात दिसले आणि मी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवली.

आणि एवढ्यावरच थांबलो नाही. २०११ साली काकी वारल्या. मी तेव्हा धर्मगुरू होतो. अंत्यविधीच्या मिस्सेत वेदीवर उभा होतो. सगळे आटोपल्यावर घरी न जाता साक्रिस्तीच्या दाराने निघून आलो. गडबड आहे असे सांगितले. गडबड काही नव्हती. वेदीकडे अर्पण घेऊन जाताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर आधी जाऊन समेट कर, हे वचन मी किती प्रवचनांत वापरले असेल! तिथे 'तुझे भावाविरुद्ध काही असेल तर' असे नाही, 'भावाचे तुझ्याविरुद्ध' असे आहे. काकांचे माझ्याविरुद्ध काही असू शकते, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

तेव्हा त्या पडवीत माफी मागायची पाळी माझी होती आणि ती कोणाच्या वतीने नव्हती. मी काकींच्या अंत्यविधीचे बोललो. काकांनी मला जवळ वगैरे घेतले नाही. ते म्हणाले, "तू निघून गेलास ते मी पाहिलं होतं. जेवण तुझ्यासाठी झाकून ठेवलं होतं." मग चुलतभावाला म्हणाले, "चहा गार झाला त्याचा, दुसरा दे."

भाचा विहिरीवर जाऊन आला होता. पाणी चाखून पाहिले म्हणे. खारट आहे अजून.

रविवारी सकाळी गावच्या देवळात मिस्सा ऐकली. बऱ्याच वर्षांनी बाकावर बसून ऐकली. मग कबरस्तानात गेलो. बाबांची कबर आता तिथे नाही. जागा अपुरी म्हणून कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडतात हे तुम्हाला ठाऊक आहे. भाच्याने विचारले, आजोबा नक्की कुठे? आईने छत्रीने एक अंदाज दाखवला. मला ऑगस्टीनची आई मोनिका आठवली. ३८७ साली ओस्तियाला, घरापासून लांब मरताना तिने मुलांना सांगितले होते की या देहाला कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीशी माझी आठवण ठेवा.

शनिवारी निघताना काकांनी खिशातून घडी घातलेली नोट काढून माझ्या हातात दिली होती आणि बाबांसाठी मिस्सा अर्पण करायला सांगितले होते. पुढच्या रविवारी सकाळी सातच्या मिस्सेच्या हेतूंत तुम्हाला एक अनोळखी नाव ऐकू येईल, ते माझ्या बाबांचे. नोंदवहीत अर्पण करणाऱ्याच्या रकान्यात काय लिहू, असे मी काकांना विचारले होते. ते म्हणाले, "माझं नाव नको. भाऊ, एवढंच लिही."

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू