पाठ न फिरवणारे

प्रेमला गोळी लागते तेव्हा डॉक्टर आणि तिच्यासोबतची माणसं पाठ फिरवून निघालेली असतात. आवाज त्यांना मागून ऐकू येतो. प्रेमजवळ त्या क्षणी असतात ते परग्रहवासी, ज्यांना आधी सगळ्यांनी राक्षस समजलेलं असतं.

बीबीसीवर १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतला हा भाग, ‘डेमन्स ऑफ द पंजाब’. विनय पटेल यांनी लिहिलेला, २०१८ च्या नोव्हेंबरात दाखवलेला. काळ ऑगस्ट १९४७. फाळणीची सीमा ठरवणारी रॅडक्लिफची रेषा १७ तारखेला जाहीर झाली. त्याच धामधुमीत हिंदू प्रेम आणि मुसलमान उम्ब्रीन लग्न करतात. प्रेमच्या धाकट्या भावाला, मनीषला, ते सहन होत नाही. डॉक्टर ही काळातून प्रवास करणारी, आणि तिच्यासोबत आलेली यास्मिन ही उम्ब्रीनची नात, पण प्रेमची नव्हे. तो वाचला तर उम्ब्रीनचं पुढचं आयुष्य, शेफिल्डमधलं घर, यास्मिनची आई, स्वतः यास्मिन, यातलं काहीच होणार नाही. म्हणून त्याला वाचवायचं नाही.

ते परग्रहवासी, थिजारियन, एकेकाळी मारेकरी होते. त्यांचं जग नष्ट झालं तेव्हा ते दूर होते. आपल्या माणसांच्या मरणापाशी त्यांच्यातलं कुणी नव्हतं. तेव्हापासून ते एकाकी मरणाऱ्यांपाशी जाऊन उभे राहतात. वाचवत कुणालाच नाहीत, फक्त तिथे असतात.

याचा उपयोग काय, असं माझ्या मुलीने विचारलं. मी सरकारी रुग्णालयात मेडिकल वॉर्डात नोकरी केली. नाइट ड्यूटीला पोलिसांनी आणून टाकलेला पेशंट असायचा, केसपेपरवर नावाच्या जागी ‘अनोळखी पुरुष’. तो गॅस्पिंगला लागला, डॉक्टर येऊन गेले, करण्यासारखं काही उरलं नाही, की मी त्याचा हात धरून बसायचे. दुसऱ्या खाटेवरून हाक आली तर उठायचे आणि परत यायचे. त्याला ते कळत होतं की नाही, हा प्रश्न मला कधी महत्त्वाचा वाटला नाही. माणूस मरतोय आणि कुणाचंच लक्ष नाही, हेच मुळात चुकीचं आहे. त्याला कळलं नाही म्हणून ते बरोबर ठरत नाही.

आपल्या धर्माला ही जाणीव आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात युद्धानंतर धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, ज्यांचं कुणी नाही त्यांच्या देहांचं काय? युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य यांना कामाला लावतो आणि कुठून कुठून आलेल्या त्या अनोळखी योद्ध्यांनाही अग्नी मिळतो. तर्पणातही ज्यांना कुणी नाही त्यांच्या नावाची ओंजळ असते. पण हे सगळं प्राण गेल्यानंतरचं. दहावं, तेरावं, वर्षश्राद्ध याचे नियम आपण बारकाईने सांभाळतो, आणि त्याआधीचा तास मात्र नशिबावर सोडतो. तोंडात गंगाजळ आणि तुळशीपत्र घालायचं, तर घालणारा उशाशी हवा ना?

पाठ फिरवली म्हणून यास्मिनला दोष द्यायला मी तयार नाही. आजीचं पहिलं प्रेम मारलं जाताना कुठली नात बघू शकेल? वॉर्डात मी धडधाकट मुलगे बघितले आहेत, वडिलांचा श्वास बदलला की ते जिन्यापाशी जाऊन उभे राहायचे. प्रेम कमी होतं म्हणून नव्हे. बघवत नव्हतं म्हणून. हे काम रक्ताच्या नात्याला झेपेलच असं नाही. परक्यालाच पुष्कळदा थांबता येतं, आणि म्हणून मी ते परक्याचं कर्तव्य मानते. बेवारस देहांना अग्नी देणारी माणसं गावोगावी आहेत, त्यांना मी मनापासून हात जोडते. तशीच माणसं रात्री वॉर्डातही बसायला हवीत, देह बेवारस होण्याआधी.