आजचा दिवस भरला

रात्र झाली आहे. आता डाव्या कुशीवर वळ. सावकाश वळ, कसलीही घाई नाही. दोन गुडघ्यांमध्ये उशी घे. पोटाखाली गोधडीची मऊ घडी सरकव. वरचा हात पोटावर ठेव.

श्वास आत घे... सोडताना खांदेही सैल सोड.

मनात जे चाललंय ते येऊ दे. बत्तिसावा आठवडा. संध्याकाळी पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. कूस बदललीस, पाणी प्यायलीस, तसं ते सैलावलं. उद्या डॉक्टरांच्या कानावर घाल. पण भीती अजून सैलावलेली नाही. बाळ लवकर आलं तर?

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही,’ असं कुणीतरी सहज बोलून गेलं आणि ते कानात राहिलं. ते खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाला बळ देतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा अधिकच तयार असतं. हे मनाशी एकदा नीट म्हण... आणि ऐकलेलं ते वाक्य श्वासाबरोबर सोडून दे.

आता हाताखाली लक्ष दे. एखादी ढुशी. टाचेची सरक. कधी एका लयीत बारीक उचक्या. जाणवेपर्यंत थांब.

आपल्याकडे म्हणतात, बाईचे दिवस भरत आले. या शब्दापाशी जरा रेंगाळ. तू दिवस मोजते आहेस, आणि आत ते भरताहेत. फुप्फुसांच्या इवल्या पिशव्या श्वास सोडल्यावर मिटू नयेत म्हणून आतून एक पातळ थर लागतो. तो तयार होतो आहे. कातडीखाली ऊब धरणारी चरबी साठते आहे. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागेल. तुला यातलं काही करायचं नाही. श्वास घे... सोड.

आणि ३७ आठवड्यांच्या आधी बाळ आलंच, तरी त्याला हात द्यायला माणसं आहेत. वेळ मिळाला तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईलाच इंजेक्शन देतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा डॉक्टर एडगर रे यांनी अपुऱ्या दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. आज आपल्याकडच्या रुग्णालयांतही तसं ठेवतात. तुझी छाती ही बाळाची पहिली गोधडी आहे.

आता एवढंच जागेपणी लक्षात ठेव. पोट ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा आवळू लागलं, पाणी गेलं, रक्त दिसलं, कंबर सतत दुखून खाली दाब आला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट बघू नकोस. घरच्यांना उठव. डॉक्टरांना फोन कर, गाडी नसेल तर १०८ लाव. शंका खोटी निघाली तर कुणी रागावणार नाही.

यातलं आत्ता काही नसेल, तर डोळे मीट. फाईल, दुपटी, टोपरं... बॅग उद्या भर. आजचा दिवस भरला.