दुसऱ्यांदा सांगितलेली हकीकत

पुण्याच्या ‘आलोचना’ या स्त्री-अभ्यासकेंद्राच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्राचीच पुढे याचिका झाली. १९९७ च्या ‘विशाखा’ निकालानंतर तक्रार-समित्या कागदोपत्री अवतरल्या. पण समितीचा अहवाल केवळ प्राथमिक मानून खातेनिहाय चौकशी पुन्हा आरंभापासून करण्याची रीत चालूच राहिली. समितीचा अहवाल हाच चौकशी-अहवाल समजावा, असा आदेश न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये दिला. अनेक राज्यांनी त्यानुसार नियम बदललेच नाहीत, हे त्याच न्यायालयाला ऑक्टोबर २०१२ मध्ये नोंदवावे लागले.

हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटतो, पण मुळात तो कथनाचा आहे. तीच हकीकत दुसऱ्यांदा सांगताना क्रम बदलतो, एखादा तपशील गळतो, एखादा नव्याने आठवतो. वर्गात पाठभेदांची चर्चा करताना आपण प्राध्यापक मंडळी याला असत्य म्हणत नाही. सहकाऱ्याविरुद्ध विद्यार्थिनीची तक्रार आली की मात्र हाच पाठभेद ‘विसंगती’ ठरतो. अर्थात, एकच चौकशी अंतिम मानायची तर आरोपित शिक्षकाला तक्रारीची प्रत, उत्तराची संधी आणि साक्षी तपासण्याचा हक्क पहिल्याच वेळी मिळाला पाहिजे. घाईने केलेली चौकशी तक्रारदार स्त्रीचेही नुकसानच करते, कारण अपिलात ती टिकत नाही.

‘दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष’ हे तत्त्व येथे हमखास पुढे केले जाते. ते शिक्षेपुरते खरे आहे. परंतु त्याचा आधार घेऊन स्वस्थ बसणे म्हणजे तटस्थता नव्हे. तक्रार करणारी खोटी आहे, असा तो न उच्चारलेला निर्णय असतो. मथुरा खटल्यात शरीरावर जखमा नाहीत म्हणून संमती होती, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मानले. वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून शरणागती आणि संमती यांतील भेद दाखविला. तो भेद ज्यांनी शिकविला ते अध्यापकच होते, याचे विस्मरण अध्यापकवर्गाला सोयीचे असावे! गुण ज्याच्या हाती, त्याच्यापुढचे मौन कशाचे द्योतक मानावे?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी विभागप्रमुख, अधिष्ठाता इत्यादींना समितीबाहेर ठेवले आहे. चौकशी चालू असताना आरोपित शिक्षकाला तक्रारदार विद्यार्थिनीचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवण्याचीही तरतूद त्यांत आहे. ही शिक्षा नव्हे. पण कर्जत किंवा खालापूरसारख्या तालुक्यातील महाविद्यालयाचा विचार करावा. तेथे एखाद्या विषयाला बहुधा एकच शिक्षक. समितीवरील बाई त्याच्या शेजारच्या. तक्रार कोणाची, हे सायंकाळच्या लोकलमध्ये ठाऊक. अशा ठिकाणी गोपनीयतेचे कलम फार काळ तग धरत नाही. मूल्यमापनाचे मात्र करता येण्याजोगे आहे. अंतर्गत परीक्षेची कर्जतची उत्तरपत्रिका खोपोलीच्या अध्यापकाने तपासावी. दोन्ही गावे एकाच रेल्वे-फाट्यावर आहेत, आणि त्यासाठी कोणाला दोषी ठरवावे लागत नाही.