सण अलीकडे ओढताना

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सेंट जॉर्ज नावाचं लहानसं गाव आहे. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये, दुकानांत अजून हॅलोविनचे भोपळे मांडलेले असताना, या गावाने नाताळ साजरा केला. गावातल्या सात वर्षांच्या एका मुलाच्या मेंदूत गाठ होती. नाताळ करायचा असेल तर लवकर करून घ्या, असं डॉक्टरांनी त्याच्या आईला सुचवलं. तिने शेजाऱ्यांपाशी शब्द टाकला आणि बघता बघता अख्खं गाव कामाला लागलं. घराघरांवर दिव्यांच्या माळा चढल्या. २४ ऑक्टोबरला सांताक्लॉजची मिरवणूक निघाली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसं उभी होती. त्यातली कित्येक त्या कुटुंबाला ओळखतही नव्हती. मुलगा सांताच्या शेजारी बसून हात हलवत होता. ६ डिसेंबरला तो गेला.

हा नाताळ खोटा होता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच दिलेली नाही. २५ डिसेंबरची नोंद रोममध्ये सापडते ती चौथ्या शतकातली, ३३६ सालच्या सुमाराची. म्हणजे तारीख माणसांनीच ठरवली. ती एका मुलासाठी दोन महिने अलीकडे आणली, तर त्यात देवाचा कोणता अपमान झाला?

२०२० साली हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. इंग्लंडमध्ये ५ नोव्हेंबरपासून दुसरी टाळेबंदी सुरू झाली आणि एरवी डिसेंबर उजाडल्यावर माळ्यावरून खाली येणारे दिवे अनेकांच्या खिडक्यांत नोव्हेंबरातच लागले. अमेरिकेतही तसंच झालं. वर्ष वाईट गेलंय, निदान शेवट तरी उजळ होऊ दे, एवढीच त्यामागची भावना. त्यावर नाराज झालेल्या धार्मिक माणसांचं म्हणणंही मला हलकं वाटत नाही. ख्रिस्ती परंपरेत नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. वेदीवर जांभळं वस्त्र असतं, मिस्सेत गौरवगीत गात नाहीत. हा वाट पाहण्याचा काळ. तो ओलांडून थेट आनंदावर उडी मारली, तर वाट पाहणं आपण विसरू, ही भीती रास्त आहे. पण त्याच परंपरेने तिसऱ्या रविवारी जांभळ्याच्या जागी गुलाबी वस्त्राला मुभा दिली आहे. वाट लांबली की माणूस खचतो, त्याला मध्येच थोडा आनंद लागतो, हे तिला शतकांपूर्वी कळलेलं होतं.

आणि वेळ तर त्या वर्षी चर्चनेही बदलली. इटलीत रात्री दहापासून संचारबंदी होती, म्हणून व्हॅटिकनमधली नाताळच्या पूर्वरात्रीची मिस्सा साडेसात वाजता झाली. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या महापालिका क्षेत्रांत २२ डिसेंबरपासून रात्री अकरानंतर संचारबंदी लागली आणि मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच उरकावी लागली. म्हणून कोणाचा नाताळ कमी प्रतीचा झाला नाही.

तारखेपेक्षा मला वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: सण अलीकडे ओढला कोणी, आणि कोणासाठी? त्याचं उत्तर शोधायला व्हेनेझुएलाकडे पाहावं लागतं. तिथे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष निकोलस मादुरो यांनी एकदा नव्हे, अनेक वर्षं नाताळ सरकारी घोषणेने आधी सुरू केला. २०२४मध्ये त्यांनी तो १ ऑक्टोबरपासून जाहीर केला. जुलैतल्या निवडणुकीचा निकाल वादात होता, निदर्शनांनंतर दोन हजारांहून अधिक माणसं अटकेत होती. घोषणा झाली २ सप्टेंबरला, आणि त्याच दिवशी विरोधी उमेदवाराविरुद्ध अटकेचं वॉरंट निघालं. नाताळाचा वापर राजकारणासाठी करू नये, असं तिथल्या बिशपांना जाहीरपणे सांगावं लागलं.

त्या देशातल्या घरांत नाताळाला हायाका करतात. मक्याच्या पिठाची पिवळसर पारी केळीच्या पानावर थापायची, त्यात मांसाचं रस्सेदार सारण, ऑलिव्ह, बेदाणे घालायचे, पान दुमडून दोऱ्याने आवळून बांधायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. एक जण पानं पुसतो, दुसरा पीठ थापतो, तिसरा सारण भरतो, पोरं दोरे कापून देतात. आता सत्तर लाखांहून अधिक माणसं तो देश सोडून गेली आहेत. पान पुसणारा कोलंबियात, पीठ थापणारी पेरूत, मागे राहिली आहे म्हातारी आई. तिला ऑक्टोबरात रोषणाई मिळाली, हवी होती ती माणसं. सेंट जॉर्जमध्ये आईने मागितलं आणि लोकांनी दिलं. इथे कोणी मागितलं नव्हतं, आणि जे मागितलं होतं त्याबद्दल बोलायला बंदी होती. दिवे दोन्हीकडे लागले. एका ठिकाणी ते एका घराचं दुःख वाटून घेण्यासाठी होते, दुसऱ्या ठिकाणी ते झाकण्यासाठी. हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि तो फक्त राज्यकर्त्यांनाच लागू आहे असं नाही. वाईट वर्षात 'चला, मूड बदलू या' म्हणत कार्यालयात, सोसायटीत, कुटुंबाच्या ग्रुपवर सण लवकर सुरू करणाऱ्या आपल्यालाही एक प्रश्न विचारायला हवा. यात ज्याचं माणूस गेलंय, ज्याची नोकरी गेलीय, त्याला आपण काही विचारलं का? की त्याचा उतरलेला चेहरा आपल्याला बघवत नाही, म्हणून हा सगळा झगमगाट?

आपल्याकडे ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेलं असतं, तिथे दिवाळीला फराळ करत नाहीत. शेजारीपाजारी, सोयरेधायरे आपापल्या घरचे डबे आणून देतात. सण थांबत नाही आणि त्या घरावर लादलाही जात नाही. पश्चिमेतल्या अनेक चर्चमध्येही २१ डिसेंबरच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी प्रार्थना होते. तिला निळा नाताळ म्हणतात. गेलेल्यांसाठी मेणबत्त्या लावतात. तिथे आनंदी दिसण्याची सक्ती नसते, रडू आलं तर रडता येतं. यंदा ज्यांना नाताळाची तयारी लवकर करावीशी वाटते त्यांनी ती खुशाल करावी, अगदी नोव्हेंबरातही. फक्त दिव्यांची माळ बाहेर काढण्याआधी शेजारच्या दारावर टकटक करावी आणि त्यांना काय हवंय ते विचारावं. त्यांनी नको म्हटलं, तर त्यांच्याकडे जेवण घेऊन जावं.