कामे बदलतात, अमानत बदलत नाही



पवित्र कुरआनच्या 'अल-लैल' या छोट्याशा सूरहमध्ये अल्लाहने रात्रीची, दिवसाची आणि नर-मादीच्या निर्मितीची शपथ घेऊन एक गोष्ट सांगितली आहे. माणसांची धडपड एकसारखी नसते, ती नाना प्रकारची असते (९२:४). जी गोष्ट कोणत्याही बाजारात उघड्या डोळ्यांनी दिसते, ती शपथेवर का सांगावी? याचे उत्तर पुढच्याच आयतींत मिळते. तेथे या धडपडीची वर्गवारी केली आहे आणि ती शेतकरी, व्यापारी, कारागीर किंवा नोकरदार अशी नाही. जो देतो, अल्लाहचे भय बाळगतो आणि भलेपणाला सत्य मानतो, तो एका बाजूला आहे. जो हात आखडतो, बेपर्वाईने वागतो आणि भलेपणाला खोटे ठरवतो, तो दुसऱ्या बाजूला आहे. आपण माणसांना त्यांच्या धंद्यावरून ओळखतो. त्यांचा निर्माता त्यांना दुसऱ्याच खुणेने ओळखतो.

हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्यात अरुणावती नदीच्या काठी वसलेले आर्णी डोळ्यांसमोर आणा. कंबलपोष बाबांच्या दर्ग्यामुळे हे गाव दूरवर परिचित आहे, पण त्याचे रोजचे जीवन चालते ते कापूस, सोयाबीन आणि तुरीवर. अशा गावातील साठी ओलांडलेल्या एखाद्या कष्टकऱ्याला त्याच्या आयुष्यातील कामे मोजायला सांगा. लहानपणी गुरे राखली, तरुणपणी कुणाच्या शेतावर सालदारकी केली. पुढे हंगामात जिनिंगवर गाठी वाहिल्या. काही वर्षे हातगाडीवर फळे विकली, काही वर्षे पुण्याकडे बांधकामावर गेली. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून तो मुलाच्या दुकानात बसतो. त्याच्या पत्नीला विचारा. तिने पऱ्हाटीतला कापूस वेचला, शिवणयंत्र चालवले, शाळेत खिचडी शिजवली, आणि घरातील जे काम कोणी मोजत नाही तेही आयुष्यभर केले. या दोघांना "तुमचा व्यवसाय कोणता?" असे विचारले तर ते क्षणभर गोंधळतील.

येथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याने आयुष्यात सात-आठ कामे केली, त्याची ओळख कोणत्या कामाने ठरवायची? काम सुटले, बदलले किंवा हातून गेले, तर माणसाचे नेमके काय जाते आणि काय शिल्लक राहते? आणि अंतिम न्यायाच्या दिवशी हिशेब कशाचा द्यायचा आहे?

एकाच आयुष्यातील अनेक कामे

अल्लाहने ज्यांना मानवजातीचे मार्गदर्शक म्हणून निवडले, त्यांची जीवने या दृष्टीने पाहा. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी लहानपणी मक्कावासीयांच्या शेळ्या-मेंढ्या काही कीरातांच्या मोबदल्यात चारल्या. तरुणपणी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन ते शामच्या बाजारपेठेत गेले. मदीनेत मशीद उभी राहताना त्यांनी स्वतः विटा वाहिल्या. हिजरी सन ५ मध्ये खंदक खोदताना त्यांच्या अंगावर माती होती. घरी ते आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत. हजरत दाऊद (अ.) राजे होते, तरी ते आपल्या हातच्या कमाईवर जगत आणि लोखंडाची चिलखते बनवीत. हजरत जकरिया (अ.) सुतारकाम करीत. हजरत मूसा (अ.) फिरऔनच्या महालात वाढले आणि मदयनमध्ये त्यांनी कित्येक वर्षे मजुरी केली.

यात सर्वांत विचार करण्याजोगे उदाहरण हजरत यूसुफ (अ.) यांचे आहे. त्यांच्या आयुष्यातील चढ-उतार विलक्षण आहेत. बापाचा लाडका मुलगा, विकला गेलेला गुलाम, परक्या घरातील नोकर, तुरुंगातील कैदी आणि शेवटी मिस्रच्या कोठारांचा प्रमुख! सूरह यूसुफ वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. तुरुंगातील दोन सोबती त्यांच्याकडे स्वप्नाचा अर्थ विचारायला येतात, तेव्हा ते म्हणतात की तुम्ही आम्हाला मुहसिनीनांपैकी, म्हणजे भले वागणाऱ्यांपैकी दिसता (१२:३६). पुढे अनेक वर्षांनी त्यांचे भाऊ त्यांच्यासमोर उभे राहतात. समोरचा अधिकारी आपलाच भाऊ आहे हे त्यांना ठाऊक नाही. विनवणी करताना तेही नेमके हेच शब्द उच्चारतात (१२:७८). कैद्याच्या कपड्यांत जे दिसले, तेच अधिकाराच्या आसनावर दिसले. मधल्या काळात काम, पद, पोशाख, सारे काही बदलले होते.

आणखी एक साम्य पाहा. यूसुफ (अ.) राजाकडे कोठारांची जबाबदारी मागताना आपले दोन गुण सांगतात, एक राखण करण्याचा आणि दुसरा जाणतेपणाचा (१२:५५). मदयनमध्ये त्या दोन बहिणींपैकी एक आपल्या पित्याला मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याचा सल्ला देते, तेव्हा तीही दोनच गुण सांगते, सामर्थ्य आणि विश्वासूपणा (२८:२६). एका ठिकाणी राज्याचे कोठार आहे, दुसऱ्या ठिकाणी मेंढ्यांचा कळप. कसोटी मात्र एकच आहे : काम येते का, आणि माणूस प्रामाणिक आहे का? पहिला गुण प्रत्येक नव्या कामाबरोबर नव्याने शिकावा लागतो. दुसरा गुण माणूस एका कामातून दुसऱ्या कामात बरोबर घेऊन जातो, किंवा वाटेत गमावून बसतो.

कमीपणा कशात आहे?

आपल्या समाजात पिंजारी, बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, शिकलगार ही नावे एकेकाळच्या कामांवरून पडली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या पुस्तकात ज्या बलुते-अलुते व्यवस्थेचे वर्णन केले, तिच्यात मुलाण्यालाही स्थान होते. त्या व्यवस्थेत काम जन्माने ठरत असे आणि कामाने माणसाची पायरी ठरत असे. ती व्यवस्था मोडली. कापूस पिंजणाऱ्याचा नातू आज संगणक चालवतो. परंतु पायऱ्यांची सवय आपल्या मनातून गेली आहे का? स्थळ पाहताना "मुलगा काय करतो?" या प्रश्नाच्या उत्तरात पदाचे नाव आले की आपण समाधानी होतो. त्या पदावरची कमाई हलाल आहे की नाही, हा दुसरा प्रश्न विचारायचे राहून जाते. पदवीधर मुलगा वर्षानुवर्षे घरी बसला तरी चालते, पण त्याने बापाच्या हातगाडीमागे उभे राहू नये असे वाटते.

इस्लामी विद्वत्तेचा इतिहास वेगळे सांगतो. वक्फच्या नियमांवर ग्रंथ लिहिणारे इमाम खस्साफ पादत्राणे शिवून पोट भरीत. त्यांचे नावच त्या कामावरून पडले. इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. मर्व येथील इमाम कफ्फाल वयाच्या सुमारे तिसाव्या वर्षापर्यंत कुलपे घडवीत होते. त्यानंतर ते विद्येकडे वळले आणि शाफई फिकहचे मोठे इमाम झाले. कुलपाला अरबीत 'कुफ्ल' म्हणतात. इमाम झाल्यावरही लोक त्यांना 'कुलूपवाला' म्हणूनच ओळखत राहिले, आणि त्या नावाची लाज कोणाला वाटली नाही. तिशीनंतर काम बदलण्यात उशीर झाला, असे समजणाऱ्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे.

काम केव्हा सोडावे?

कोणी म्हणेल, मग एका कामाला चिकटून राहण्याचे काहीच मोल नाही का? मोल निश्चितच आहे. हाती आलेले काम कंटाळा आला म्हणून टाकणे, करार अर्ध्यावर मोडणे, दुसऱ्याचे अधिक उत्पन्न पाहून आपल्या धंद्याला नावे ठेवणे, हे कृतघ्नपणाचे लक्षण आहे. कौशल्य वर्षांनी येते आणि ग्राहकाचा विश्वासही वर्षांनीच जमतो. मात्र ज्या कामाचा पायाच व्याज, दारू, जुगार किंवा फसवणूक यांवर आहे, ते सोडणे हे कर्तव्य आहे, उत्पन्न कितीही असो.

अधिक नाजूक प्रश्न हलाल कामाचा आहे, कारण हलाल काम हराम रीतीने करता येते. मदीनेच्या बाजारात पैगंबर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतून ओल लागली. पावसाने भिजल्याची सबब विक्रेत्याने सांगितली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, हे स्पष्ट केले. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारण्याचा प्रकार आपल्या भागात कोणाला अपरिचित आहे? वरून कोरडा, आतून ओला! आणि काट्यावर माप मारणारा व्यापारी त्याहून वेगळा नाही. सूरह 'अल-मुतफ्फिफीन'ची सुरुवातच मापात मारणाऱ्यांच्या विनाशाने होते. अशा वेळी धंदा बदलून उपयोग होत नाही. पाणी मारणारा हात उद्या दुधाच्या धंद्यातही तेच करील.

काम देणाऱ्यांची जबाबदारी

येथवरची चर्चा काम करणाऱ्याविषयी झाली. तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल. पुष्कळ माणसे कामे हौसेने बदलत नाहीत. मजुरी थकते, पाऊस दगा देतो, गिरणीत यंत्र येते आणि माणूस उठून दुसरे काम शोधतो. अशा माणसाला केवळ सबुरीचा उपदेश करणे सोपे आहे. इस्लामने मात्र काम करून घेणाऱ्याला फार कडक शब्दांत बजावले आहे. घाम वाळण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण आपण सारे सांगतो. त्याहून गंभीर ती हदीस आहे, जिच्यात अल्लाहने सांगितले आहे की कयामतच्या दिवशी तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध मी स्वतः उभा राहीन. त्यांपैकी एक तो, ज्याने मजुराकडून पुरे काम घेतले आणि मजुरी दिली नाही. जो वेचणीचे पैसे 'पुढच्या बाजारी देऊ' म्हणून लांबवतो, त्याने आपला प्रतिवादी कोण असेल याचा विचार करावा.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न जीवन-मरणाचा आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या संकटासाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होते. कर्ज आणि नापिकी यांनी येथील कित्येक घरांतील कर्ता माणूस हिरावून नेला आहे. अशा माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा न्याय करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु जिवंत असलेल्यांना एक गोष्ट ठामपणे सांगणे आपले कर्तव्य आहे. शेत ही अमानत आहे, धंदाही अमानत आहे, पण प्राण ही त्यांहून मोठी अमानत आहे. शेत गेले म्हणून माणूस संपत नाही. स्वतःला ठार करू नका, अल्लाह तुमच्यावर दयाळू आहे, असा आदेश कुरआनने दिला आहे (४:२९).

हा आदेश एकट्या त्रस्त माणसाला सुनावून समाज मोकळा होत नाही. जकातीचे जे ८ हक्कदार कुरआनने ठरवले, त्यांत कर्जात बुडालेल्यांचा स्पष्ट उल्लेख आहे (९:६०). अडचणीतील ऋणकोला सवड द्या आणि माफ केले तर अधिक चांगले, असेही कुरआन सांगतो (२:२८०). आपल्या मोहल्ल्यात असा कोण आहे, याची चौकशी जकात वाटताना आपण करतो का?

मदत कशी करावी, याचाही धडा आहे. एक अन्सारी मागायला आला, तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्याच्या घरातील घोंगडी आणि प्याला मागवून दोन दिरहमांना विकला. एका दिरहमचे घरी अन्न घ्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला लावली. तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विकायला पाठवले. १५ दिवसांनी तो १० दिरहम कमावून परतला. नवे काम सुरू करणाऱ्याला उपदेशाआधी दांडा बसवून देणारा हात हवा असतो. शिवणयंत्र, हातगाडी, गवंड्याची अवजारे, गाडी चालवण्याचे शिक्षण या आजच्या कुऱ्हाडी आहेत.

काम संपते तेव्हा

शेवटी प्रत्येकाचे काम सुटते. निवृत्तीनंतर अनेकांना आपण निरुपयोगी झालो असे वाटू लागते, कारण त्यांनी स्वतःला पदाच्या नावाशी बांधून टाकलेले असते. कुरआनचा दृष्टिकोन निराळा आहे. एका कामातून मोकळे झालात की पुढच्या परिश्रमाला लागा आणि आपल्या पालनकर्त्याकडे वळा (९४:७-८). कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असले, तर शक्य असल्यास ते लावून टाकावे, असे पैगंबर (स.) यांनी शिकवले. ते रोप वाढणार नाही, त्याचे फळ कोणी खाणार नाही. तरीही लावणाऱ्याचे काम वाया गेलेले नाही.

हदीसमध्ये आले आहे की त्या दिवशी माणसाचे पाय हलणार नाहीत, जोवर त्याला आयुष्य कशात घालवले, ज्ञानावर काय अंमल केला, संपत्ती कोठून मिळवली आणि कोठे खर्च केली, हे विचारले जात नाही. या प्रश्नांत हुद्द्याची चौकशी नाही. आर्णीच्या त्या वृद्ध कष्टकऱ्याला आपला एक व्यवसाय सांगता आला नाही, तरी या प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ असू शकतात. तुमच्या-आमच्याजवळ ती आहेत का, हे आज रात्री आपापल्या मनाशी तपासून पाहावे.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी, प्रत्येक कामात प्रामाणिकपणा आणि दुसऱ्याच्या श्रमाचा मान राखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.